पठारावरून कन्सोलची पारख

जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर वादाला विषय कमी पडत नाहीत. कुकडी नदीचं पाणी पठारावर का चढत नाही यावर वाद होतो. बिबट्या नेमका कुणाच्या रानात दिसला यावर होतो. कांदा आज विकावा की आठ दिवस थांबावं, यावर तर घराघरात होतो. पण रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला मुंबई-पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेली मंडळी गावी येतात, आमटी-भाकरीच्या पंगती उठतात, आणि पस्तिशी-चाळिशीतले चारपाच जण सावलीला टेकले की एक वेगळाच वाद निघू शकतो. कुठला व्हिडिओ गेम खरा भारी होता, आणि कुठल्याचं उगाच नाव झालं?

जगात या वादाच्या याद्या ठरून गेल्या आहेत. कमी लेखला गेलेला कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, कुठला म्हटलं की पहिलं नाव सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टचं. १९९८ च्या नोव्हेंबरात तो जपानमध्ये आला, इंटरनेटला जोडायचा मोडेम पोटात घेऊनच आला, आणि २००१ च्या मार्चमध्ये सेगाने तो बंद केला. खपला जेमतेम ९१ लाख. त्याच्या मागोमाग निन्टेंडोच्या गेमक्यूबचं नाव येतं, तो २ कोटी १७ लाख खपला. जास्त डोक्यावर घेतला गेलेला कोण, यावर मात्र हातघाई. कुणी म्हणतं निन्टेंडोचा वी, कारण तो दहा कोटींहून जास्त खपला खरा, पण बऱ्याच घरांत वर्षभरात कपाटात गेला. कुणी म्हणतं प्लेस्टेशन ३, किंमत बघून.

या याद्यांमध्ये एक मेख आहे. त्या करणाऱ्यांनी वीज गृहीत धरलेली असते. स्वतःचा टीव्ही, दुकानातून आणलेली अस्सल सीडी, बिघडला तर कंपनीचं सेंटर, हेही गृहीतच. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा माणूस शिंगांच्या रंगावर पैसे मोजत नाही. दात बघतो, चालवून बघतो आणि हा माझ्या रानात ओढेल का एवढंच विचारतो. कन्सोलला हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणून म्हटलं, आण्याच्या बाजूने एकदा विचारून बघू.

आधी हे रान कसं आहे ते सांगायला हवं. आळेफाट्यावरून नगरकडे निघालं की बेल्हे लागतं, मग गुळुंचवाडीचा तो निसर्गाने कोरलेला दगडी पूल, मग आणे घाट, आणि घाट चढला की पठार. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही इथली गावं. खाली बाकीच्या जुन्नर तालुक्यात धरणांची रांग आणि ऊस, इथे वर सगळा पावसावरचा खेळ. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन होतं. वीज यायची तीही कमी दाबाने, आणि रात्री-अपरात्री आली की घरातला माणूस आधी मोटार चालू करायला धावायचा. गेमचा नंबर त्यानंतरचा. टीव्ही वाडीत दोन-चार घरी. सुट्टीत मुंबईहून येणारा चुलतभाऊ गेम घेऊन आला, तर त्या टीव्हीसमोर अख्खी आळी.

तर या रानात पहिला उतरला तो काळा-करडा प्लास्टिकचा डबा, ज्याला कुणी मीडिया म्हणायचं, कुणी सामुराई, कुणी टर्मिनेटर. नावं अनेक, आतलं यंत्र एकच: निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. जगातल्या एकाही क्रमवारीत हा डबा नसतो. नकली माल म्हणून त्याला रांगेतच उभं करत नाहीत. माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय झालेला कन्सोल हाच, आणि हे मी आठवणींच्या उमाळ्याने म्हणत नाही. यंत्र म्हणून म्हणतो.

अस्सल फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये आला. कॅसेट वरून खोचायची, तिला ६० पिना. दोन वर्षांनी तो अमेरिकेत न्यायची वेळ आली तेव्हा तिथे व्हिडिओ गेमचा धंदा नुकताच बसला होता आणि दुकानदार त्या मालाला हात लावायला तयार नव्हते. म्हणून निन्टेंडोने त्याला व्हिडिओ कॅसेट प्लेयरसारखं रूप दिलं: कॅसेट पुढून आत सरकवायची, मग खाली दाबायची, पिना ७२. शिवाय आत एक कुलपाची चिप बसवली. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिची ओळख पटली नाही, तर ती यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करत राहायची. दिसायला रुबाबदार, पण सरकव-दाबच्या त्या खटाटोपात आतल्या पिना सैल व्हायच्या, संपर्क तुटायचा, कुलूप बिथरायचं आणि लाल दिवा लुकलुकत बसायचा. जगभर ६ कोटी १९ लाख खपलेल्या आणि देव्हाऱ्यात बसवलेल्या यंत्राची ही अमेरिकन आवृत्ती. निन्टेंडोलाही ते कळलं होतं. १९९३ मध्ये कंपनीने वरून कॅसेट घालायचा, कुलूप काढलेला नमुना आणला.

आपल्या डब्याला यातलं काहीच भोगावं लागलं नाही. त्याने जपानी पद्धतीची ६० पिनांची, वरून खोचायची खाच उचलली आणि कुलपाच्या भानगडीत तो पडलाच नाही. नकलाकाराने पैसे वाचवायला जे गाळलं, तेच नेमकं बिघडणारं होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ही मला फार आवडते. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा. जपान-अमेरिकेत ६० वेळा. युरोपच्या पाल टीव्हीसाठी निन्टेंडोने जो अस्सल संच काढला, त्यात मुख्य चिपचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणला. चिपच्या वेगावरच सूर ठरतो, त्यामुळे युरोपसाठी मुद्दाम जुळवून न घेतलेल्या गेमचा सूरच खाली उतरला. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा घेऊन बनलेल्या पाल नकला निराळ्या वाटेने गेल्या. त्यांनी चिपचा वेग १.७७ वर ठेवला आणि टीव्हीच्या जास्तीच्या रेघांचा फरक चित्र संपल्यानंतरच्या मोकळ्या वेळेत वळवून भरून काढला, म्हणजे जपानी कॅसेटा बहुतेक जशाच्या तशा चालाव्यात. खेळ थोडा संथ झाला, सूर मात्र जवळपास मूळचाच राहिला. तेव्हा असल्या डब्यावर वाडीतल्या पोराने ऐकलेलं अशा गेमचं गाणं लंडनच्या पोराने अस्सल यंत्रावर ऐकलेल्या गाण्यापेक्षा मूळ सुराच्या जवळ असायचं. चोराने गाणं जास्त सुरात म्हटलं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि तिसरी, विजेची. हा डबा नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालायचा आणि आत ७८०५ नावाचा साधा रेग्युलेटर ते पाच व्होल्टवर आणायचा. हा रेग्युलेटर बारा व्होल्टही सोसतो, फक्त तापतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरात असला आणि ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीपुरती मोकळी असली, तर भारनियमनातही काँट्रा खेळता येणं शक्य होतं. प्लेस्टेशनला सांगा हे करायला.

कॅसेट फुंकण्याबद्दल मात्र गैरसमज दूर करायला हवा. फुंकण्याने काही होत नसे; उलट तोंडातली वाफ धातूच्या पट्ट्यांवर बसून त्या काळवंडायच्या. काढून पुन्हा खोचल्यामुळे संपर्क जुळायचा, श्रेय फुंकेला जायचं. बंदुकीने बदकं मारायच्या गेमचं गुपितही असंच. पोरांना वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीत शिरतं. खरं उलटं होतं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि नळीतला डोळा तो उजेड पकडायचा. म्हणूनच आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक लावली तर एक बदक पडत नाही. जुन्या डब्बा टीव्हीचा तो तत्काळ उमटणारा उजेड नव्या पडद्याला जमत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या पिढीने या डब्याची आठवण वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतली आहे, हेही तितकंच खरं. कॅसेटवर छापलेलं असायचं ९९,९९,९९९ इन १. आत गेम निघायचे मोजके, आणि तेच पुन्हा पुन्हा: एकदा मारिओ पहिल्या पातळीपासून, एकदा तिसरीपासून, एकदा नाव बदलून. काँट्राचं ते वर-वर-खाली-खाली सगळ्यांना आजही पाठ असतं, पण तीस जीव देणारी ती कळ मुळात गेम बनवणाऱ्याची पळवाट होती. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना १९८६ चा ग्रेडियस तपासताना तो स्वतःलाच जड जायला लागला, म्हणून त्यांनी ती कळ बसवली. वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात, हेही आपण सोयीने विसरतो. डबा कमी मोजला गेला, आठवण जास्त मोजली गेली. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानावर मिळणारा ब्रिक गेम मी या यादीत मुद्दाम घालतो. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. पडणारे चौकोन रचायचा टेट्रिस अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत बनवला. निन्टेंडोच्या गेमबॉयने १९८९ मध्ये तो खिशात घातला आणि यात्रेतल्या दुकानदाराने तो दोन पेन्सिल सेलांत आणला. गेमबॉय बनवणाऱ्या गुनपेई योकोई यांचं म्हणणंच असं होतं की जुनी, स्वस्त झालेली, खोडी माहीत असलेली वस्तू घ्यावी आणि डोकं तिच्या नव्या वापरात चालवावं. म्हणून त्यांनी रंगीत पडदा नाकारला. सेगाच्या रंगीत गेम गियरला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. करड्या गेमबॉयला चार सेल दहा-पंधरा तास सहज पुरायचे. शेवटी गेमबॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाख खपले. योकोईंचं तत्त्व ओढून टोकाला नेलं की ब्रिक गेम उरतो. मेंढरांमागे जाताना, एसटीत, कांद्याच्या अरणीवर राखणीला बसल्यावर चालणारा दुसरा कुठला कन्सोल तेव्हा होता?

अस्सल माल भारतात आलाच नाही असं नाही. १९९५ च्या एप्रिलमध्ये सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात आला, आणि आणला कुणी, तर शॉ वॉलेसने. दारूच्या धंद्यासाठी ओळखली जाणारी ही कंपनी. ८० टक्के आयात कर चुकवायला सेगाने तिच्याशी करार केला होता, आणि तरी यंत्राची किंमत ठेवली १८,००० रुपये. त्या काळी एवढ्या पैशात घरात कितीतरी गोष्टी आधी यायच्या. मेगा ड्राइव्ह उत्तम यंत्र होतं, जगात तीन कोटी खपलं. पठाराच्या हिशेबात त्याला गुण द्यायचे तर शून्यावर थांबावं लागतं. न पोचलेल्या यंत्राचं काय कौतुक करणार? मुंबईच्या मिताशीने पुढे स्वस्त टीव्ही गेम काढले, तेव्हा त्यांनी जो बाजार पकडला तो डब्याने तयार केलेला होता.

मग प्लेस्टेशन २. याच्याबद्दल जगाचं आणि आण्याचं एकमत आहे, म्हणून थोडक्यात. ४ मार्च २००० ला जपानमध्ये आला, २०१३ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं, सोनीच्या आकड्याने १६ कोटी खपला. भारतात तो शेवटपर्यंत तग धरून होता. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीचा हनुमान: बॉय वॉरियर आणि सोनीचा देसी अड्डा याच यंत्रावर निघाले. देसी अड्ड्यात कबड्डी होती, विट्टी-दांडू होता, पतंग होता. ज्या पोरांना दाराबाहेर विट्टी-दांडू फुकट मिळत होता त्यांना तो पडद्यावर कशाला हवा होता, हे सोनीलाच ठाऊक. त्यांना हवा होता जीटीए सॅन अँड्रियास आणि कुस्तीचा स्मॅकडाउन. नकली सीडी चालवणारी चिप लावलेला प्लेस्टेशन २, पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कोऱ्या पाकिटातल्या सीड्या आणि मोठ्या गावात स्टँडजवळ गाळा. तासावर पैसे घेऊन खेळायला द्यायचं. ज्या घरी टीव्हीसुद्धा नव्हता त्या पोराच्या हातात रिमोट आला तो या गाळ्यांमुळे. यंत्राचं मोल एका मालकाच्या सुखावर ठरवायचं की त्यावरून गेलेल्या हातांच्या संख्येवर? दुसरी फूटपट्टी लावली तर प्लेस्टेशन २ च्या वर मला कुणी दिसत नाही, आणि ती फूटपट्टी मला जास्त प्रामाणिक वाटते.

एक खोडी मात्र होती. तो डीव्हीडी दाखवायचा, पण गावाकडे तेव्हा घरोघर पोचलेली व्हीसीडी त्याला वाचता येत नसे. लग्नाची सीडी लावायला वेगळा प्लेयर लागायचाच.

पुढच्या दोघांवर वेळ घालवत नाही. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ च्या सप्टेंबरात आला आणि जगभर तापून बंद पडणाऱ्या लाल कड्याने बदनाम झाला. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला हमी तीन वर्षांची करून १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. पठाराच्या धुळीत त्याची काय कथा. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला आणि त्याच्या अवघड चिपने गेम बनवणाऱ्यांनाही घाम फोडला. जास्त डोक्यावर घेतलेल्यांत मी याला पहिला धरतो.

आता डब्याच्या विरोधातला खरा मुद्दा, जो पंगतीनंतरच्या वादात कुणी ना कुणी काढतोच. नकली यंत्र, नकली कॅसेट, चिप लावलेला प्लेस्टेशन: यात गेम बनवणाऱ्याला एक पैसा मिळाला नाही. मग इथे गेम बनवणारे तयार कसे होणार? मुद्दा बिनतोड आहे, आणि डब्याची बाजू मांडताना तो झाकून चालणार नाही. पण क्रम बघावा. आयात कर आधी होता, १८,००० चं लेबल पाठोपाठ आलं, आणि मग पोराकडे नक्कल किंवा काहीच नाही एवढीच निवड उरली. नकलेने बाजार मारला म्हणणाऱ्यांनी बाजार होता तरी कुठे हे दाखवावं. गेमच्या यंत्रांकडे चैनीची वस्तू म्हणून बघण्याची सरकारी नजरही लवकर गेली नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ती सगळ्यात वरच्या २८ टक्क्यांच्या रांगेत बसवली गेली.

आणि गेम बनवणारे तयार झालेच. आण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने राजी: अॅन एन्शंट एपिक बनवला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रांसारख्या भिंती. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी १८ ऑगस्ट २०२० ला गेम आला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. तो आधी आला कुठे? निन्टेंडो स्विचवर. स्विच २०१७ पासून जगभर विकला जातोय, आणि निन्टेंडोने तो भारतात अधिकृतपणे कधी आणला नाही. पुण्याच्या पोरांनी बनवलेला गेम पुण्याच्या दुकानात सरळ मार्गाने न मिळणाऱ्या यंत्रावर पहिल्यांदा चालला. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीला तो मिळाला ऑक्टोबरात. स्विच चांगला की वाईट यावर पठाराने मत द्यायचं तर आधी निन्टेंडोने घाट चढायला हवा.

त्याच वर्षी प्लेस्टेशन ५ जगात आला. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. यंत्र म्हणून अप्रतिम, वादच नाही. पण नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ रुपयांचा होता. कांद्याला किलोला दहा रुपये सुटले तर पाच क्विंटल कांदा म्हणजे एक सीडी, आणि त्यात बियाणं, मजुरी, गाडीभाडं धरलेलं नाही. सीडी घालूनही खेळ लगेच सुरू होत नाही, आधी कित्येक जीबीचं अपडेट उतरवा. घाटातून वर येता येता रेंजच्या कांड्या कमी होतात तिथे हे यंत्र दोन दिवस नुसतं उतरवत बसेल. तेव्हा दहा हजारांनी स्वस्त आलेल्या डिजिटल एडिशनला तर सीडीची खाचच नव्हती. म्हणजे गेम शेजाऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, बदलून घेता येत नाही. डबा असो की प्लेस्टेशन २, आजवर जो कन्सोल इथे रुजला तो देवाणघेवाणीवर. ती वाटच बंद केलेलं यंत्र या रानासाठी मी तरी नापास करतो.

विशीतली पोरं या सगळ्या चर्चेकडे म्हाताऱ्यांची कुजबुज म्हणून बघतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, दोन वर्षांत पबजी आला, आणि कन्सोलचा प्रश्नच त्यांच्या लेखी मिटला. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा हळहळलेली ही पोरं काँट्राची गोष्ट ऐकून मान डोलावतात आणि पुन्हा फोनमध्ये बघतात. त्यांच्या फोनमधली चिप आमच्या डब्यासारखी कित्येक यंत्रं एका वेळी चालवील. पण चौघांनी एका पडद्यासमोर बसून एकमेकांच्या हातातून रिमोट ओढायची सोय त्यात नाही, आणि ती हवी असलेले अजून आहेत. ऑनलाइन दुकानांत दिवाळीच्या आसपास टीव्हीला मागून खोचायची गेम स्टिक खपते. आत तेच मारिओ, तेच काँट्रा, आणि वर तोच फुगवलेला आकडा.

या दिवाळीला गावाकडच्या पोरांसाठी काही घ्यायचं असेल, तर माझं मत जुन्या प्लेस्टेशन ४ ला. ११ कोटींहून जास्त खपलेलं यंत्र, सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारे मिळतात, सीड्या हातोहात फिरतात आणि बऱ्याचशा सीड्या नेट नसतानाही चालतात. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या, आणि दुकानात अर्धा तास चालवून बघा. पंखा विमानासारखा घोंगावायला लागला तर आत धूळ आहे. दुकानदाराला म्हणावं, साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून दे. सीडी आत ओढताना अडखळली तर किंमत पाडून मागा. आणि स्टॅबिलायझर विसरू नका.